ताटातुटीचं प्रकरण

प्राजक्ता फोनवर हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, तरी उमेशला ते झोंबलं. नाशिकच्या प्रकाशनात ती नवी संपादक होती, वयाने त्याच्या मुलीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. "सर, रागावणार नसाल तर एक बोलू?" असं विचारून तिने पुढचं थेट सांगून टाकलं होतं. "तुमच्या सातही कादंबऱ्या मी ह्या आठवड्यात लागोपाठ वाचल्या. सातही वेळा ताटातुटीच्या प्रकरणात नायिका गाडीत बसून निघून जाते आणि नायक पाच मिनिटं उशिरा पोचतो. ह्या आठवीच्या आराखड्यातसुद्धा तेच आहे. तुम्ही छान लिहिता, धुरळा वगैरे डोळ्यासमोर येतो. पण ती जाते का? गैरसमज झाला, घरच्यांनी अडवलं, हे सगळं नायकाच्या बाजूने कळतं. तिच्या तोंडून एकदाही नाही. तुम्ही तिला कधी विचारलंत का?"

कादंबरीतल्या बाईला, असं तिला म्हणायचं होतं. पात्राशी बोला, त्याला प्रश्न विचारा, हे हल्लीच्या कार्यशाळांमधून शिकवतात. उमेशला ते ठाऊक होतं. पण फोन ठेवल्यावर तो जव्हारच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी उभा राहिला, आणि त्याला वाटलं की कुणीतरी मागून येऊन आपल्या मानेवर गार बोट ठेवलं आहे. विचारलंत का? नाही विचारलं. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही. त्या सगळ्या नायिका जिच्यावरून आल्या, ती गोदी खोडाळ्याला राहायची, आणि खोडाळा जव्हारपासून किती लांब, एसटीने जाऊन दुपारी परत येता येतं. त्या बाजूला तो दहा वेळा तरी गेला असेल, निवडणुकीच्या ड्यूटीला, कुणाच्या मयताला, शाळेच्या सर्वेक्षणाला. प्रत्येक वेळी त्याने काम उरकलं होतं आणि पहिल्या गाडीने परतला होता.

तो हायस्कुलात मराठी शिकवायचा. अठ्ठेचाळीस वर्षांचा. दिवाळीची सुट्टी चालू होती, बायको उज्ज्वला दोन दिवस माहेरी गेली होती आणि आठव्या कादंबरीचं चौदावं प्रकरण टेबलावर अर्धवट पडलं होतं. प्रेमकथा लिहिणारा मास्तर म्हणून गावात त्याची थोडी थट्टा व्हायची, थोडा मानही होता. वाचणाऱ्या बायका पत्र लिहायच्या, आता मेसेज करायच्या: सर, ते जीपचं प्रकरण वाचून रडले. ते वाचून त्याला बरं वाटायचं. कारण ती जीप खरी होती. अठ्ठ्याण्णवचा मे महिना, जव्हारचा स्टँड, मोखाड्याकडे निघालेली काळी-पिवळी जीप. मागच्या बाकावर गोदी बसलेली, पिवळी ओढणी डोक्यावरून घेतलेली. तो कॉलेजच्या बाजूने धावत येतो आहे, चपलेचा अंगठा तुटला आहे, आणि जीप वळणाआड जाते. तिने मागे वळून बघितलं. बघितलंच. दुसऱ्या की तिसऱ्या कादंबरीत त्याने तिच्या डोळ्यांत पाणीही घातलं होतं आणि त्यानंतर ते पाणी खरोखर होतं की आपण घातलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. इतक्या वेळा हाताळून ती आठवण गुळगुळीत झाली होती, नदीतल्या गोट्यासारखी. हातात घेतली की बरी वाटायची. माणूस उशिरा पोचला, ह्यात त्याचा गुन्हा तो काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एसटीत बसला. का निघालो हे त्याने स्वतःला नीट सांगितलं नाही. प्रकरण अडलं आहे, एवढं कारण पुरेसं होतं. भात कापून झालं होतं. उतारावरच्या वावरांत नुसते खुंट राहिले होते, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या आणि त्यांच्यावर ऊन निवांत पडलेलं होतं. मागच्या सीटवर दोन म्हाताऱ्या त्याच्या घरच्या बोलीत बोलत होत्या. पोराला ताप आला, डॉक्टर नव्हता, मग काय केला, असं काहीबाही. उमेशच्या मनात आपोआप 'केला'चं 'केलं' झालं. हे कधीपासून व्हायला लागलं? तो मोखाड्याच्या अलीकडच्या पाड्यावर जन्मलेला, बाप भिका जन्मभर नागली-नाचणीच्या हलक्या वरकस जमिनीवर वाकलेला. सातवीपर्यंत उमेशही 'झाला', 'केला', 'बरा हाय' असंच बोलायचा. आश्रमशाळेत एका गुरुजींनी त्याला वर्गासमोर उभं करून एकच वाक्य वीस वेळा म्हणायला लावलं होतं: मला बरं वाटलं, मला बरं वाटलं. पोरं हसत होती. विसाव्या वेळेला त्याला खरंच बरं वाटलं, कारण आपण त्या हसणाऱ्या पोरांतून उठून कुठेतरी वर गेलो, असं त्याला दिसलं होतं. त्यानंतर तो खाली उतरला नाही.

गोदी मात्र कधी वर गेलीच नाही. तिला त्याची गरजही वाटत नसावी. ती बारावीला जव्हारच्या हॉस्टेलात होती, तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. वाचनालयात ओळख झाली. ती पुस्तकं घ्यायची नाही, पंख्याखाली बसायला यायची, आणि हे तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. एकदा ते दोघं दाभोशाला धबधबा बघायला गेले. जीपमध्ये माणसं दाटीवाटीने भरलेली, तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकलेला, आणि धबधब्यासमोर उभं राहिल्यावर ती म्हणाली होती, "पानी बग, कसा पडतंय. त्याला काय कुनी ढकललेला नाय." तो म्हणाला, "कसं पडतंय." ती म्हणाली, "तेच सांगते मी, कसा पडतंय." आणि हसली होती. ते हसणं त्याच्या एकाही पुस्तकात आलं नव्हतं. का आलं नव्हतं? त्याच्या नायिका शुद्ध बोलायच्या, म्हणून असेल. ते वाक्य त्यांच्या तोंडात बसलंच नसतं.

खोडाळ्याला उतरून त्याने विचारलं. गोदाबाई अंगणवाडीवाली सगळ्यांना माहीत होती. बाजारपेठ ओलांडून एका पाड्याच्या तोंडाशी पत्र्याची अंगणवाडी होती. दारात चपलांचे छोटे-छोटे जोड, आत तुळईला टांगलेला वजनकाटा, भिंतीवर हत्ती आणि मोर रंगवलेले. सेविका टेबलाशी बसून रजिस्टर भरत होती. केस कानाजवळ पांढरे झालेले, चष्मा नाकावर आलेला. तिने वर बघितलं. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"काय रं उमेश? रस्ता चुकलास काय?"

"नाही. तुलाच भेटायला आलो."

"बरा केलास. बस. त्या खुर्चीत नको, ती पोरांची हाय, मोडंल." तिने पलीकडचा बाक दाखवला. "पोरं आताच खाऊन गेली. वजनाचा दिवस हाय आज. आया येतील एकेक करून, मी लिहीत लिहीत बोलंन, चालंल ना?"

तिच्या नवऱ्याचं नाव मंगळू, तो शेतावर होता. थोरली मुलगी योगिता नर्सिंगला होती. हे सगळं तिने रजिस्टरमधून मान वर न करता सांगितलं, आणि त्याची चौकशीही केली: बायको बरी हाय ना, पोरगी काय करते, पुस्तकं अजून लिहितोस का. योगिताने त्याचं एक पुस्तक जव्हारहून आणलं होतं. "मी वाचला अर्धा. त्यातल्या बाया लय गप असतात रं." ती हे सहज बोलली. मग त्यानेही सहजच बोलावं तसं विचारलं. "गोदी, त्या दिवशी तू जीपमध्ये बसून गेलीस, तेव्हा मागे वळून बघितलंस. तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

"कंच्या दिवशी?"

"मे महिन्यात. जव्हारच्या स्टँडवरून. पिवळी ओढणी होती तुझी. मी धावत येत होतो."

तिने पेन थांबवलं. आठवायचा खरोखर प्रयत्न केला, हे त्याला दिसत होतं, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटलं. "मे महिन्यात तं मी मावशीकडं गेलेली, हितं खोडाळ्यालाच. तिच्या पोरीचा लगीन व्हता. मागं बघितला असंल, पिशवी पडली काय म्हनून. तू धावत आलेलास? कशाला?"

बाहेर कुठेतरी कोंबडी ओरडत होती. उमेशला वाटलं, आपण बाकावर बसलेलो नाही, बाक आपल्या खालून कुणी हळूच काढून घेतला आहे. सात पुस्तकं. सात वेळा धुरळा. आणि ती लग्नाला चालली होती, पिशवी बघत होती.

"आठ दिसांनी मी परत आलेली की हॉस्टेलवर, सामान न्यायला," ती म्हणाली. "तू नाशिकला गेलेलास तवा. पन तेचा काय नव्हता. आपला तं तेच्या आधीच तुटलेला ना. पाडव्याच्या आधी."

"पाडव्याच्या आधी?"

"चिठ्ठी," ती म्हणाली. "इसरलास? मी तुला चिठ्ठी लिहिलेली. जिंदगीतली पहिली. रात, दोन रात बसून लिहिली. आनि तू ती लाल पेनानं तपासून परत दिलीस." ती हसायला लागली, आणि हसताना अगदी दाभोशाच्या धबधब्यापुढची मुलगी झाली. "खाली लिहिलेलास, भाव चांगला, शुद्धलेखन सुधार. धापैकी सा मार्क दिलेस."

तो विसरला होता असं त्याला एक-दोन क्षण प्रामाणिकपणे वाटलं. मग एखाद्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असावं आणि वाऱ्याने उघडावं, तसं सगळं समोर आलं. रेघांच्या वहीचा पाठपोट लिहिलेला कागद. निळी शाई, दाबून लिहिलेली अक्षरं. वाचनालयामागच्या पायरीवर बसून त्याने तो वाचला होता. मला बघाया येनार हायत. मोखाड्याकडची मानसं हायत, बरी हायत. मला काय करायचा ते समजत नाय. तू घरी येशील तं मी नाय म्हनंन. तू नाय आलास तं हो म्हनंन. मग उन्हात बसून त्याने खिशातलं लाल पेन काढलं होतं. 'बघाया'खाली रेघ, वर 'बघायला'. 'येनार'चं 'येणार'. 'मानसं'चं 'माणसं'. 'करायचा'चं 'करायचं'. म्हनंन ह्या शब्दाखाली त्याने दोन रेघा मारल्या आणि वर ठसठशीत लिहिलं, म्हणेन. हा विनोद होता. दोघांमधला लाडिक विनोद आहे, असं त्याने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. कागद परत देताना तोही हसला होता. ती हसली नव्हती. तिने कागद दोन्ही बाजूंनी बघितला होता, आणखी कुठे काही लिहिलं आहे का ते.

"फाडून टाकलीस?" त्याने विचारलं.

"चुलीत घातली. चांगली पेटली." तिने चष्मा वर सरकवला. "लय राग आलेला तवा. वाटायचा, एवढा मानसाला विचारला आनि ह्यानं वेलांट्या मोजल्या. वरीसभर नुसती जळत व्हते. मंग हळूहळू इचार केला. म्हटला, नाय गोदे, त्याला समजलाच नसंल. त्याचा सगळा ध्यान अक्षरावर. पोरगा लबाड नाय, नुसता येडा हाय पुस्तकातला. तवा कुठं राग गेला. योगिताला पन सांगते मी कदी कदी, एक पोरगा व्हता, एवढा हुशार का साधी गोष्ट त्याला कळली नाय. ती लय हसते."

ती हे सांगत असताना तिच्या चेहऱ्यावर माया होती. समोरच्या टक्कल पडलेल्या मास्तरासाठी नव्हती ती. पायरीवर बसलेल्या त्या येड्या पोरासाठी होती. आणि उमेशला तो पोरगा तिच्यापेक्षा जास्त माहीत होता. त्या पोराने ती ओळ तीनदा वाचली होती. तू घरी येशील तं मी नाय म्हनंन. पहिल्यांदा वाचून त्याने कागदाची घडी घालून तो पुन्हा उघडला होता. दुसऱ्यांदा वाचताना त्याला बापाची पडवी दिसली, त्या पडवीत बसलेली गोदी दिसली, नागली, भात, पुन्हा नागली, आणि नाशिकचं एम.ए., बी.एड., शहरातली खोली, लिहायचं टेबल हे सगळं मागे-मागे जाताना दिसलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याने पेनाचं टोपण काढलं. म्हनंन हा शब्द चुकला आहे हे त्याला दिसलं, आणि सुटल्यासारखं झालं. चूक दुरुस्त करता येते. प्रश्नाचं तसं नसतं.

समोर गोदी पान उलटत होती. आता गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. हसून म्हणायचं, खरंच येडा होतो, आणि दुपारची गाडी पकडायची. पण खरं बोलण्याची एक तहान माणसाला उशिरा लागते, आणि ती धर्माची आहे की स्वार्थाची, हे तेव्हा त्याला कळत नाही.

"गोदी," तो म्हणाला, "मला कळलं होतं."

"काय?"

"चिठ्ठीतलं. सगळं. तू काय विचारलं होतंस ते. मी ते तीन वेळा वाचलं होतं. उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी लाल पेन काढलं."

तिने चालू ओळ पूर्ण केली. नाव, वय, उंची. मग पेन रजिस्टरच्या मधल्या खाचेत ठेवलं. तेवढ्यात दारात एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली. गोदी उठली. मुलाला झोळीत घातलं, काटा स्थिर होईपर्यंत त्याच्या पायाला एक बोट लावून उभी राहिली, आकडा मोठ्याने वाचला. "दोनशे ग्राम वाढलाय. बरा हाय. अंडा देतेस ना? देत जा. ताप आला तं लगेच ये, भगताकडं बसू नको." आवाज तोच होता, शांत, कामाचा. बाई निघून गेली. गोदी परत आली नाही. काट्यापाशीच उभी राहिली, झोळीची दोरी नीट करत, जी नीटच होती.

"मंग आता कशाला सांगितलास?" ती म्हणाली.

"खरं होतं ते. तुला कळायला हवं होतं."

"मला? मी विचारलेला तुला?"

उमेशने रिकाम्या झोळीकडे बघितलं.

"तुझा वजन उतरला असंल आता," गोदी म्हणाली. रागाने नाही, मघाशी आकडा वाचला तशीच. "सत्तावीस वरसं माझ्यापाशी एक साधा पोरगा व्हता. नवऱ्याशी भांडान झाला, पोरगी तापानं फणफणली, कंचा बी वाईट दिवस आला, तं मी त्याला आठवून हसायची. कुनाचा काय जात नव्हता. तो पन नेलास तू आज."

"गोदी, मी माफी—"

"नको." तिने हात वर केला. "माफी दिली तं तू बरा व्हशील. माझा काय?" मग टेबलाशी येऊन बसली, चष्मा पुसला, पेन उचललं. बराच वेळ लिहीत राहिली. तो उठला तेव्हा तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं, नव्या माणसाकडे बघावं तसं. "पुस्तकात घालू नको ह्या पोराला. योगिता वाचते."

"नाही घालणार."

"जा मंग. दोनची गाडी हाय."

गाडीला अजून अर्धा तास होता. खोडाळ्याच्या स्टँडवर तो टपरीच्या सावलीत उभा राहिला. आठवडी बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळे रस्ता मोकळा होता. त्याला उज्ज्वला आठवली. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती माहेरी गेली की पत्र लिहायची. मग किराण्याच्या याद्या लिहायची. आता याद्याही तोंडी सांगते, आणि दुकानात गेल्यावर त्याला निम्म्या वस्तू आठवत नाहीत. ती लिहायची का थांबली, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं धाडस आजही त्याच्यात नव्हतं. मुलगी इंग्रजीतच मेसेज करते, थोडक्यात. त्याला आजवर वाटायचं, नव्या पिढीची सवय.

गाडीत बसल्यावर प्राजक्ताचा फोन आला. तिला कादंबरी दिवाळीनंतर छपाईला द्यायची होती. "सर, झालं का काही? विचारलंत का तिला?" आवाजात उत्साह होता, खोडकरपणाही.

"विचारलं," उमेश म्हणाला.

"मग? काय म्हणाली?"

खिडकीबाहेर एक खळं गेलं. दोन माणसं भात झोडत होती, पेंढी वर जाई आणि खाली येई, काचेमुळे आवाज मात्र ऐकू येत नव्हता. त्याच्याकडे आता असं प्रकरण होतं जे त्याने आयुष्यात लिहिलं नव्हतं. वाक्यंसुद्धा तयार होती, एकेक शब्द तिच्या तोंडचा, एकही दुरुस्त न करता. ते लिहिलं तर आठवी कादंबरी पहिल्या सातांना पुसून टाकेल, हे त्याला लेखक म्हणून स्वच्छ दिसत होतं. ह्या एका गोष्टीबद्दल त्याची नजर कधी चुकली नव्हती.

"काही नाही," तो म्हणाला. "तिला काही आठवत नाही."

"अरेरे." प्राजक्ता म्हणाली. "मग सर, जीपच ठेवायची का? वाचकांना आवडते तशी."

"ठेवा."

"पण एवढं तरी करा, नायकाचा उशीर जरा पटेल असा करा."

"करतो," उमेश म्हणाला, आणि फोन खिशात ठेवला. मोखाड्याला, त्याच्या पाड्याच्या जवळच, गाडी बराच वेळ थांबली. माणसं चढली, उतरली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने त्याला कुठून आलास म्हणून विचारलं, आणि उमेशला लगेच सांगता आलं नाही.